पद्माची उचकी

पहिली उचकी आली तेव्हा पद्माच्या हातात भाताचा घास होता. तिनं तो परत ताटात ठेवला, दोन घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "कोण बाई आठवण काढतंय माझी?"

"निवड समिती काढत असंल," शालन म्हणाली, आणि आम्ही सगळ्या हसलो.

तासगावातल्या एका शाळेच्या वर्गात बाकं भिंतीकडे सरकवून आम्ही जेवायला बसलो होतो. सकाळी उपांत्य सामना जिंकलो होतो आणि ऊन उतरल्यावर अंतिम सामना होता. जिल्ह्याच्या महिला कबड्डी स्पर्धेत आमच्या येळवड्याचा संघ इथपर्यंत कधी पोचला नव्हता. मी, रत्ना, त्या संघाची कर्णधार. आज माझी थोरली मुलगी तेव्हाच्या माझ्यापेक्षा मोठी आहे, पण त्या वर्गातला आमटीचा वास आणि फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेलं गणित मला अजून आठवतं.

पद्मा कुरणे ही आमची मुख्य चढाईपटू. बुटकी, सडपातळ, आणि पायात असा वेग की समोरच्या संघाला ती वळली कधी हेच कळायचं नाही. तिच्या खालोखाल चढाया मी करायचे. आम्ही दोघी शाळेपासून एकत्र खेळत आलो होतो, गावातल्या चावडीमागच्या मैदानावर, मुलांनी हुसकावून लावलं तरी परत येऊन. राज्याच्या संघासाठी आमच्या जिल्ह्यातून एकच चढाईपटू घेणार होते. निवड समितीची माणसं फक्त अंतिम सामना बघायला येणार होती. राज्याकडून खेळलेल्या मुलींना रेल्वेत नोकरी लागते, हे आमच्या लोंढे सरांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हाला त्या नोकरीचा गणवेशसुद्धा दिसायला लागला होता. पद्माला तर ती हवीच होती. तिच्या वडिलांनी वैशाखात तिचं लग्न उरकायचं ठरवलं होतं. नोकरी लागली तर लग्न थांबवतो, एवढं त्यांच्याकडून तिनं कबूल करून घेतलं होतं.

दुसरी उचकी आली, तिसरी आली. जेवणं उरकली तरी थांबेनात. पद्माचा सबंध देह दर उचकीला हलायचा.

"साखर खा," कुणीतरी म्हणालं. ताराबाई म्हणून एक बाई आमच्या जेवणाचं बघत होत्या. त्यांनी मूठभर साखर आणून दिली. पद्मानं ती जिभेखाली धरली. काही फरक पडला नाही. मग श्वास रोखून धरायला लावलं. ती तर कबड्डीची पोर, तिचा दम भला मोठा. डोळे मिटून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. चेहरा लाल झाला. श्वास सोडला, आणि लागोपाठ दोन उचक्या आल्या.

"वाकून भांड्याच्या पल्याडच्या कडेनं पाणी पी," शालननं सांगितलं. तसं करताना पाणी नाकात गेलं. मग शालननंच मागून जाऊन कागदी पिशवी फोडली. पद्मा दचकली, आम्हीही दचकलो, पण उचकी आपली चालूच. ताराबाईंनी एकेक नाव घ्यायला सांगितलं. ज्यानं आठवण काढली त्याचं नाव आलं की उचकी थांबते म्हणे. पद्मानं आईचं घेतलं, आजीचं घेतलं, सासरी गेलेल्या बहिणीचं घेतलं. शालन म्हणाली, "वैशाखातल्या त्या पोराचं घेऊन बघ की." पद्मानं तिला चप्पल फेकून मारली.

इथपर्यंत सगळी गंमतच होती.

लोंढे सर बाहेर संयोजकांशी बोलून आले. गावातल्या हायस्कुलात ते खेळाचे मास्तर होते. मुलींचा संघ उभा करायचा म्हणून गावात घरोघरी जाऊन त्यांनी आमच्या बापांशी भांडणं केली होती. ते आत आले, पद्माकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कधीपासून चाललंय?"

"जेवताना लागली, सर," मी म्हणाले.

"चढाईत दम लागतो. उचकी आली की दम तुटला. पंच शिट्टी मारणार," ते म्हणाले. तेव्हा आमच्या लक्षात आलं की यात हसण्यासारखं काही नाही. एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत परत यायचं असतं. मधे आवाज तुटला की चढाई करणारी बाद.

मग उपाय जोरात सुरू झाले. ताराबाई घरी जाऊन आल्या. येताना मोरपिसाची राख मधात कालवून आणली होती. पद्मानं नाक धरून ती चाटली. हळकुंड पेटवून त्याचा धूर हुंगायला दिला, त्यानं तिला खोकला आला आणि खोकताना तिनं डावी कूस दाबून धरली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. सकाळची पकड."

सकाळच्या सामन्यात शेवटच्या चढाईत तिघी जणी तिच्या अंगावर पडल्या होत्या. त्यातल्या एकीचा गुडघा तिच्या कुशीत बसला होता. तरी ती रांगत रेषेपर्यंत पोचली, हात टेकवला आणि आम्ही सामना जिंकलो. उठल्यावर तिनं कपडे झटकले होते, हसली होती. असा मार आम्हाला रोज लागायचा. त्याचं कुणी काही वाटून घ्यायचं नाही.

शेवटी लिंबाच्या फोडीला मीठ लावून दिलं. तिनं ती सालीसकट चावली. आम्ही वाट बघत राहिलो. उचकी आली नाही. बराच वेळ गेला, आली नाही. सरांनी हात जोडून वर बघितलं आणि ताराबाई लिंबाचं झाड आपल्या दारचं असल्याचं सगळ्यांना सांगत फिरल्या.

"आता घटकाभर पड," मी पद्माला म्हणाले.

ती सतरंजीवर आडवी झाली आणि लगेच उठून बसली.

"काय गं?"

"आडवं झालं की खांदा ओढतोय. डावा."

"खांद्यावर पडली हुतीस?"

"न्हाई. रात्री फरशीवर झोपल्यानं असंल."

मी तिचा खांदा चेपला. दाबून बघितला, फिरवून बघितला. "इथं दुखतंय? इथं?"

"दाबल्यावर दुखतच न्हाई. आत कुठंतरी हाय." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "सरांना सांगू नको. आज न्हाई."

मी सांगितलं नाही. खांदा दुखतो म्हणून कबड्डीतून कुणी बाहेर बसत नाही, आणि त्या दिवशी तर नाहीच.

मैदानावर सगळं तासगाव लोटलं होतं. मांडवाखाली निवड समितीची तीन माणसं बसली होती, पुढ्यात सरबताचे पेले. समोरचा संघ मिरजेकडचा, आमच्यापेक्षा उंच आणि दणकट मुलींचा. शिट्टी झाली.

पद्माची पहिली चढाई मी कधी विसरणार नाही. ती सरळ त्यांच्या कोपऱ्यात शिरली, एकीच्या खांद्याला हात लावला, वळताना दुसरीला पायानं शिवलं आणि परत. दोन गुण. लोक उभे राहिले. निवड समितीतल्या एकानं शेजारच्याच्या कानाला लागून काहीतरी म्हटलं. पद्मानं येताना माझ्याकडे बघून भुवई उडवली.

दुसऱ्या चढाईला ती त्यांच्या मैदानाच्या मधोमध होती. "कबड्डी कबड्डी कब..." आणि तिचा देह हलला. शिट्टी. पंचांनी हात दाखवला. बाद.

लोकांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं तेव्हा हशा पिकला. ती बाहेर जाऊन बसली. तिथं बसल्या बसल्याही उचक्या येत होत्या आणि दोरीपलीकडची काही टवाळ पोरं दर उचकीला तसाच आवाज काढत होती. आमचा गुण झाला, ती परत आत आली, पुढच्या चढाईला गेली, आणि पुन्हा तेच. या वेळी तर ती मधली रेषा ओलांडून दोन पावलंही गेली नव्हती.

मध्यंतराला दोन्ही संघांचे गुण सारखे होते. सर पद्मापाशी उकिडवे बसले. "पाणी हवं?" ती मघापासून पाणीच पीत होती. तहान भागत नाही म्हणत होती. "दुसऱ्या डावात चढाया रत्नालाच करू दे. तू पकडीला राहा," सर म्हणाले.

"न्हाई सर. थांबतीय बघा आता. मी करते."

"बघू."

दुसरा डाव सुरू झाला. त्यांची चढाई होती. पकड करताना आम्ही हातात हात गुंफून साखळी करायचो. माझ्या उजव्या बाजूला नेहमी पद्मा असायची. तिचा हात माझ्या हातात कितीदा आला असेल याला हिशेब नाही. घामानं चिकट, गरम, दणकट हात. त्या दिवशी मी तो धरला आणि एकदम तिच्याकडे वळून बघितलं. हात गार होता. उन्हानं माती तापलेली, आमच्या सगळ्यांच्या अंगाच्या वाफा निघताहेत, आणि हिचा हात हिवाळ्यात पाण्यातून काढल्यासारखा गार आणि ओला. ओठांचा रंग उडालेला. चढाई करणारी कुठं गेली, काय झालं, मी बघितलंच नाही. मी हात वर करून पंचांकडे वेळ मागितला.

"काय झालं?" पद्मानं विचारलं.

"तू बाहेर बस."

"का?"

"हात गार पडलाय तुझा."

"मग? उचकीनं माणूस मरतंय व्हय?"

"मला त्यातलं काही कळत न्हाई. पण तू खेळायचं न्हाईस. दवाखान्यात जायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. उचकी आली, ती गेली, आणि तिनं मान वळवून मांडवाकडे बघितलं. मग हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "मी बसले की सगळ्या चढाया तुझ्या. व्हय ना?"

मी तिचा हात सोडला नव्हता.

"एकच घेणार हायत. मला बसवून तू दिसणार. कळतंय मला."

तोवर सर धावत आले. "काय चाललंय? वेळ कशाला घेतला?"

"सर, हिला दवाखान्यात न्यायचं," मी म्हणाले. "हिच्या खांद्यात दुखतंय दुपारपासनं, आडवं पडता येत न्हाई, आणि हात बघा हिचा."

सरांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा चेहरा जरा बदलला. "नाडी फार पळतीय."

"खेळतीय सर मी, पळणारच," पद्मा म्हणाली. "उगं हिचं काय ऐकता? एकच डाव राहिलाय."

सरांनी एकदा गुणफलकाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. आठ वर्षं त्यांनी या दिवसाची वाट बघितली होती. मला त्यांचा राग नाही आला. तेही माझ्यासारखेच गोंधळले होते. उचकीसाठी कुणी अंतिम सामना सोडतं का?

पंच जवळ येऊन म्हणाले, "वेळ संपत आला. ठरवा."

"मी जाते," पद्मा म्हणाली. आम्ही दोघंही तिच्याकडे बघायला लागलो. "पण रत्नानं माझ्यासंगट यायचं. तिनं खेळायचं न्हाई. ती खेळणार असंल तर मी हितनं हलत न्हाई. उचलून न्या म्हटलं तर ओरडीन."

"खुळी हायस का?" सर म्हणाले. "दोघी गेल्यावर मागं राहतं काय? शाळेतल्या पोरी? रत्ना, तू थांब. तिच्यासंगट ताराबाईंना पाठवतो."

पद्मा माझ्याकडे बघत नुसती उभी राहिली. त्या स्पर्धेचा नियम असा होता की बदली झालेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकत नाही. मी मांडवाकडे बघितलं. त्या तिघांतला एक जण घड्याळ बघत होता. माझे वडीलही काही फार वेगळे नव्हते, आणि वैशाख मलाही होताच. तेवढ्यात पद्माला आणखी एक उचकी आली, आणि तिचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.

मी पंचांकडे गेले आणि दोन बदल्या सांगितल्या. पद्मा कुरणेच्या जागी एक नाव, माझ्या जागी दुसरं. पंचांनी पुन्हा विचारलं, "कर्णधार स्वतः?" मी हो म्हणाले. कर्ण्यावरून आमची नावं पुकारली गेली तेव्हा मी पद्माला धरून दोरीखालून वाकत होते. मागं सर शालनच्या हाताला कर्णधाराची पट्टी बांधत होते.

संयोजकांची जीप बाबालालभाई चालवायचे. त्यांनी विचारलं, "कुठं? इथल्याच डॉक्टरकडं?"

"मिरजेला," मी म्हणाले. का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. आमच्याकडे कुणाचं काही जिवावरचं झालं की मिरजेला नेतात, एवढंच माहीत होतं. म्हणजे मी कुठंतरी तसं धरूनच चालले होते.

जीप निघाली. पद्मा मागच्या सीटवर माझ्या अंगाला टेकून बसली होती.  रस्त्याला खड्डे होते आणि दर खड्ड्याला ती कूस धरायची. मैदानावरचा आरडाओरडा बराच लांबपर्यंत ऐकू येत होता. त्यावरून कुणाचा गुण झाला ते ओळखायचा मी प्रयत्न करत होते, आणि तीही करत असावी, कारण मधेच म्हणाली, "शालन डाव्या कोपऱ्याला कच्ची हाय."

"असू दे."

"तू बोलायचं न्हाईस माझ्याशी."

"बरं."

उचक्या चालूच होत्या. मग त्यांच्यातलं अंतर वाढायला लागलं. बाबालालभाई आरशातून बघत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "थांबल्या बघा ताई. सुटली बिचारी."

खरंच थांबल्या होत्या. दुपारपासून ज्यासाठी साखर, धूर, राख सगळं केलं, ते झालं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मनात आलं, जीप परत फिरवावी का. मी वाकून पद्माचं तोंड बघितलं. कपाळावर थंड घामाचे थेंब. डोळे अर्धे उघडे, पण ती कशाकडे बघत नव्हती.

"पद्मे."

उत्तर नाही.

"पद्मे, शिव्या दे मला. काय पण बोल."

तिची मान माझ्या खांद्यावरून घसरली. मी तिला मांडीवर आडवं केलं तशी ती कण्हली आणि खांद्याकडे हात नेऊ लागली, पण हात वाटेतच पडला. "भाई, जोरात घ्या," मी म्हणाले. बाबालालभाईंनी मागं न बघता वेग वाढवला. मिरज येईपर्यंत मी तिच्या छातीवर हात ठेवून एकाच गोष्टीची वाट बघत होते, की तिला पुन्हा उचकी येऊ दे.

दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी पद्माचा रक्तदाब बघितला, पोटाला हात लावला आणि नर्सला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. नर्स पळतच गेली.

"काय झालं होतं? पटपट सांग."

"उचक्या लागल्या होत्या. दुपारपासनं."

"आणि?"

"डावा खांदा दुखत होता. मार लागला नव्हता खांद्याला. आडवं पडलं की जास्त. तहान लागत होती."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "पोटाला मार लागला होता का? बरगड्यांखाली? डाव्या बाजूला?"

"सकाळी. गुडघा बसला होता. पण नंतर ती चांगली होती. जेवायला बसली होती."

"बरोबर," त्या म्हणाल्या. एवढंच. मग त्या स्ट्रेचरबरोबर चालू लागल्या, मी त्यांच्यामागं पळत राहिले. दाराशी पद्माला जरा शुद्ध आली. तिनं डॉक्टरबाईंची बाही धरली आणि विचारलं, "मला परत खेळता येईल?"

"ते उद्या विचार मला," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि दार बंद झालं.

रक्त लागणार होतं. माझं जुळलं नाही. बाबालालभाईंचं जुळलं. सुई टोचलेला हात कोपरात दुमडून ते बाहेर येऊन बसले तेव्हा मी त्यांना पाणी आणून दिलं. आम्ही दोघं त्या बाकड्यावर बसून राहिलो. माझ्या अंगावर अजून संघाचे कपडे होते, गुडघ्यांना माती होती. येणारी जाणारी माणसं बघत होती. मी मनात तिच्या आईला काय सांगायचं ते जुळवत होते. उचकी लागली होती, असं सांगायचं? कोण खरं मानणार?

दिवेलागणीला टेम्पो भरून सगळा संघ आला. सर सगळ्यात पुढं होते. त्यांच्या मागं शालन, हातात पितळी चषक, चेहरा रडून सुजलेला. मी चषकाकडे बघितलं पण त्याचा अर्थ काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

"कशी हाय?" सरांनी विचारलं.

"आत हाय."

सर भिंतीला टेकून खाली बसले. निरोप मिळाल्यावर पद्माचे वडील आले. कोंडिबा कुरणे बेकरीच्या भट्टीवर कामाला होते. तसेच, अंगाला पीठ लागलेले आले. मला वाटलं आता ते सरांच्या अंगावर धावून जाणार. पण ते बंद दारासमोर जाऊन उभे राहिले आणि दार उघडेपर्यंत तिथून हलले नाहीत.

डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या टोपी काढतच. "वाचली," त्या म्हणाल्या. कोंडिबांनी त्यांच्या पायांना हात लावायला वाकायचं केलं, त्यांनी त्यांना धरून उभं केलं. मग आम्हाला सगळ्यांना समजेल असं सांगितलं. डाव्या बरगड्यांखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, असते. सकाळच्या मारानं ती फाटली होती. रक्त एकदम न येता झिरपत राहिलं, म्हणून मुलगी जेवली, हसली, खेळलीसुद्धा. ते रक्त वर छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली साठत गेलं. तो पडदा चाळवला की उचकी लागते. त्या पडद्याची शीर मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं आणि खांद्याला काहीच झालेलं नसतं.

"आणि जीपमधे उचक्या थांबल्या, ते?" मी विचारलं.

"अंगात ताकदच उरली नव्हती," त्या म्हणाल्या. "आणखी एक डाव खेळली असती तर मैदानावरच गेली असती. कुणी आणलं हिला?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. कोंडिबा पहिल्यांदा माझ्याकडे वळले.  त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या अंगावर टाकलं. मला तोवर कळलंच नव्हतं की मी कुडकुडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माला नीट जाग आली. मी शेजारी होते. तिनं पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता. "हरलो ना?"

"जिंकलो."

"खोटं."

"एका गुणानं. शालननं काढला."

"शालननं?" ती छताकडे बघत राहिली. "डाव्या कोपऱ्यातनं?"

"डाव्याच कोपऱ्यातनं."

तिला हसू आलं, पण टाके ओढले गेले तशी तिनं दात आवळले आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं, दुखण्याचं की आणखी कशाचं, मी विचारलं नाही.

निवड समितीनं शालनला घेतलं. पुढं ती राज्याकडून खेळली आणि रेल्वेत लागली. अजून सोलापूरला असते, तिकडून कधी फोन करते. पद्माला डॉक्टरांनी अंगाला अंग भिडेल असा खेळ कायमचा बंद केला. पोटावर एवढी मोठी खूण असलेली मुलगी नको म्हणून वैशाखातल्या मंडळींनी परस्पर निरोप धाडला, आणि कोंडिबांनी पुन्हा कुणाला दाखवायची घाई केली नाही. ती शिकली, विट्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली, लग्न स्वतःच्या मनानं उशिरा केलं. माझं लग्न त्याच वैशाखात झालं. गावात काही दिवस असं बोललं जायचं की रत्नानं पद्माला काढलं ते स्वतः पुढं यायला, मग घाबरून आपणही निघाली. माझ्या कानावर यायचं ते. मी कुणाला उत्तर द्यायला गेले नाही. मैदानावर काय ठरलं होतं ते आम्हा तिघांनाच माहीत होतं.

त्याविषयी आम्ही एकदाच बोललो, दवाखान्यातून तिला सोडायच्या आदल्या दिवशी. दुपार होती. वॉर्डातली माणसं जेवून पडली होती. तिची आई भांडी धुवायला गेली होती आणि मी पायथ्याशी लोखंडी स्टुलावर बसले होते.

"मला वाटलं तू यायची न्हाईस," पद्मा एकदम म्हणाली. "म्हणून तर म्हटलं तसं. तू न्हाई म्हणणार, मग मी खेळणार. असं ठरवलं हुतं मी."

"माहीत हाय."

"लगेच कशी आलीस?"

"लगेच न्हाई आले. एकदा मांडवाकडं बघितलं."

ती मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. "तू आली नसतीस, तर जन्मभर तुला बोलले असते मी."

"जन्मभर कुठलं," मी म्हणाले.

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं तिला माझं बोलणं लागलं. मी उठून जायच्या बेतात होते. तेवढ्यात तिनं एका हातानं टाक्यांवर उशी दाबून धरली, दुसऱ्या हातानं खाटेची कड पकडली, आणि दात आवळून, जरा जरा करत भिंतीकडे सरकली. माझ्यापुरती जागा झाली तेव्हा थांबली.

"ये," ती म्हणाली. "ते स्टूल टोचतंय म्हणत हुतीस सकाळपासनं."

मी तिच्याशेजारी आडवी झाले. ती झोपली की नाही हे मला आधी कळलं नाही. नंतर तिचा श्वास एका लयीत चालायला लागला. मी तो कितीतरी वेळ ऐकत राहिले.